तीन वाफा

रविवारी सगळे घरी असतात आणि सगळ्यांना सगळं तिच्याच हातून हवं असतं. नवऱ्याला मोजे सापडत नाहीत, सासऱ्यांना चष्मा, आणि मुलांना तर ती बाथरूममध्ये गेलेलीही खपत नाही. म्हणून तिने उत्तर आफ्रिकेतला कुसकुस शिकून घेतला. रव्याचे ते दाणे तीनदा वाफवायचे, मधेमधे हाताने मोकळे करायचे आणि वाफ जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार दोन तास कुणी उघडायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

"केवढा तो खटाटोप!" म्हणत सगळे हळहळायचे आणि ताटं चाटूनपुसून लख्ख करायचे.

या रविवारी मात्र सासूबाई दार ढकलून सरळ आत आल्या. गॅस बंद होता. ती खिडकीपाशी स्टुलावर नुसती बसून होती. ओट्यावरच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलं होतं: उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा.

सासूबाईंनी पाकीट उचलून सावकाश वाचलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "अगं, माझा चष्मा कुठाय?"

सासूबाईंनी आतून कडी घातली, दुसरं स्टूल ओढलं आणि हळूच म्हणाल्या,



"तीनच वाफा कशाला सांगितल्यास गं? पुढच्या रविवारपासून पाच सांग. आता आपण दोघी आहोत."