मुलाखत रद्द

"सातव्यांदा!" जेलरसाहेबांनी कागद टेबलावर आपटला. "बरोबर घरच्यांच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशीच कसं याचं डोकं फिरतं?"

समोर हवालदार उभा होता, कपाळाला पट्टी लावून. काल जेवणाच्या वेळी त्या कैद्याने भरलं ताट त्याच्यावर भिरकावलं होतं. मागच्या महिन्यात नळ तोडला, त्याच्या आधी पहारेकऱ्याची कॉलर धरली. सगळा तुरुंग त्याला आडमुठ्या म्हणत असे, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

"सही करा साहेब. पंधरा दिवस एकट्याची कोठडी आणि मुलाखत रद्द. मोठ्या साहेबांचा नियमच आहे."

"आणि बाहेर बसलीय तिचं काय?"

बाहेर बाकावर आडमुठ्याची आई बसली होती. म्हातारी दोन बस बदलून यायची, आणि सहा वेळा तिला फाटकावरूनच परत पाठवलं होतं. आता डॉक्टरांनी तिला प्रवास बंद करायला सांगितला होता. हृदय पार थकलं होतं. आजची ही शेवटची खेप.

जेलरसाहेब स्वतः उठून तिच्याकडे गेले.

"आई, त्याने परत दंगा केलाय. हवालदाराच्या अंगावर ताट फेकलं."

"लहानपणी मुंगीला घाबरायचा हो," म्हातारी म्हणाली. "खटल्याच्या वेळी कोर्टात यायचं धाडस झालं नाही मला. तीन वर्षं तोंड पाहिलं नाही त्याचं. त्याला काय हवी ती शिक्षा करा साहेब, पण मी कुणाच्या अंगावर ताट फेकलंय?"

गुन्हा त्याचा आणि शिक्षा भोगायची हिने, हा कुठला न्याय? जेलरसाहेब तरातरा आत आले आणि त्यांनी हुकुमाच्या कागदावर लिहिलं, 'मुलाखत द्यावी. जबाबदारी माझी.'

"साहेब, नोकरीवर बेतेल," हवालदार पुटपुटला.

"बेतू दे."

ते कोठडीपाशी पोहोचले तेव्हा आडमुठ्या भिंतीला टेकून निवांत बसला होता. मुलाखतीचं नाव काढताच ताडकन उठला.

"नको! मी मारलंय हवालदाराला. शिक्षा आहे मला!"

"शिक्षा नंतर. आधी आईला भेट."

"महिनाभर ठेवा कोठडीत. दोन महिने ठेवा. जेवण बंद करा. पण तिच्यासमोर नेऊ नका, पाया पडतो!"

तो खरंच पाया पडला. एवढा दांडगा माणूस लहान पोरासारखा रडत होता. लाज वाटतेय बिचाऱ्याला आईसमोर जायची, जेलरसाहेबांच्या मनात आलं. मुळात माणूस वाईट नव्हता. निकालानंतर वर्षभर फरार होता खरा, पण शेवटी स्वतःच्या पायांनी तुरुंगाच्या दारात येऊन हजर झाला होता. त्याच्या फाइलीत चांगली म्हणावी अशी तेवढी एकच नोंद होती.

"आई आहे ती. तुला पाहिलं की सगळं विसरेल," ते मऊ आवाजात म्हणाले. "चल."

दोघा शिपायांनी त्याला धरून आणलं. मुलाखतीच्या खोलीत जाळीच्या पलीकडे म्हातारी आधीच उभी होती, पदर सारखा करत. आडमुठ्याने मान खाली घातली होती. जेलरसाहेबांनी स्वतः त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघू लागली.

"साहेब," समोरच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही चुकून दुसऱ्याच कुणाला आणलंत. माझा मुलगा कुठाय?"