टेबलावरचा तिसरा पंप

सोमवारी सकाळी मन्सूर कामावर आला, तर त्याच्या टेबलावरचा पंप जागेवर नव्हता.

चाकणच्या त्या वर्कशॉपमध्ये बाकी सगळं काम ट्रकचं. फक्त एका फ्लाइंग क्लबच्या विमानांचे हातपंप तिथे दुरुस्तीला यायचे. हवेत मुख्य पंप बंद पडलाच, तर वैमानिकानं या पंपाचा दांडा हलवून चाकं खाली आणायची. काम एवढंच, आणि तेही क्वचित कधी पडणारं. पण पडलं की त्याच्याशिवाय दुसरं काही हाताशी नसायचं.

“दिव्या, इथला पंप कुठंय?”

“शुक्रवारीच पाठवला ना, काका. तयार दोन आणि हा, तिन्ही गेले.” डिस्पॅचची दिव्या नवी होती, अजून महिनाही झाला नव्हता. “लाल ठिपका होता त्याच्यावर. कामाच्या कार्डावर तुमची सही नव्हती, पण क्लबचे सारखे फोन येत होते. म्हटलं, सही सोमवारी घेऊ.”

मन्सूर स्टुलावर टेकला. भाचीच्या लग्नासाठी तो बुधवारी दुपारीच लातूरला निघाला होता आणि पंप अर्धवट राहिला होता. अर्धवट कामाची त्याची एक जुनी पद्धत होती. तोंडाचा व्हॉल्व्ह तो मुद्दाम उलटा बसवून ठेवायचा. त्यावरचा बाण उलटा दिसला म्हणजे काम बाकी आहे, पंप चालणार नाही. वीस वर्षं हे सगळ्यांना माहीत होतं. दिव्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिला सांगितलं होतं ते लाल ठिपक्याचं. तपासनीस उद्धवराव पंप तपासून झाला की त्याच्या बोल्टवर लाल लाखेचा ठिपका द्यायचे. ठिपका असेल तोच माल बाहेर जायचा.

मन्सूर उद्धवरावांच्या केबिनमध्ये गेला.

“माझ्या टेबलावरचा पंप तुम्ही तपासला होता?”

“न्हाई. तू कुठं पुरा केला हुतास?”

“मग त्याच्यावर ठिपका कोणी दिला?”

उद्धवरावांनी चष्मा काढला. बुधवारी खंडेनवमी होती. लेथ, व्हाइस, पाने, प्रत्येकाची अवजारांची पेटी, सगळ्याला त्यांनी मन्सूर गेल्यावर, संध्याकाळी ओलं कुंकू लावलं होतं. दरवर्षीप्रमाणे मन्सूरच्या पेटीलाही. टेबलावर पंप दिसला, म्हणून त्यालाही लावलं. इतक्या वर्षांची सवय, बोट नेमकं त्याच बोल्टवर गेलं.

“ते कुंकू हाय, मन्सूर,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला.

मन्सूरला त्यांची फार दया आली. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि माणसाच्या नावावर आजवर एक चूक नव्हती. त्यानं आवाज खाली आणला. “आधी मालकांना सांगू. पंप नेहमीच्या तपासणीला परत मागवलेत, असं ते क्लबला म्हणतील. तुमचं नाव यायचं नाही.”

“मालक अकराला येत्यात. इमानं सकाळीच उडत्यात.” उद्धवरावांनी फोन उचलला.

क्लबवर ओंकार नावाचा मेकॅनिक होता. तिन्ही पंप शनिवारीच बसवले, तो म्हणाला.

“आमच्याकडनं चूक झालीय. एकात व्हॉल्व्ह उलटा हाय. नंबर सांगतो.”

“नंबराची पट्टी खालून आहे, काका. पंप उतरवावा लागेल.”

“मग लाल ठिपक्यावर अंगठा घास. लाख असंल तर निघायची न्हाई. निघालं, तर ते इमान सोडू नको.”

“का, काय आहे ते?”

“कुंकू.”

ओंकार हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तो फोन घेऊनच धावत गेला. पहिल्याचा ठिपका निघाला नाही. दुसऱ्याचाही नाही.

“तिसरं विमान हवेत आहे, काका. शिकवणारे सर आहेत आणि शिकणारी एक मुलगी.”

“खाली बोलाव त्यास्नी.”

ओंकारनं फोन चालूच ठेवला. “मुख्य पंप चांगला असणार,” मन्सूर म्हणाला. दारात दिव्या उभी होती. ओढणीनं डोळे पुसत होती, पण पाणी थांबत नव्हतं.

“रडू नगं, पोरी. तुला शिकवलं तसंच केलंस तू.” उद्धवरावांनी दुसऱ्या हातानं चुकांचं रजिस्टर पुढे ओढलं.

“माझं नाव घाला,” मन्सूर म्हणाला. “उलटा मी बसवला.”

“बसवलास, पण पाठवला न्हाईस. ठिपका माझा हाय.”

फोनमध्ये बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग ओंकारचा आवाज आला. “चाकं उघडली.” थोड्या वेळानं, “उतरले.” आणि मग बऱ्याच वेळानं, धापा टाकत, “आलं, काका. अंगठा लाल झालाय.”

उद्धवरावांनी फोन ठेवला. काय झालं ते रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं, कुंकवासकट, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मग ते उठले, फडकं ओलं केलं आणि लेथवरचं कुंकू पुसायला लागले. लेथ झाला, व्हाइस झाला, एकेक पाना झाला. कोणाला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही, किंवा धीर झाला नाही. पुसत पुसत ते मन्सूरच्या पेटीपाशी आले.

पेटीवरचं कुंकू वाळलं होतं, पण अजून जसंच्या तसं होतं. मन्सूरनं त्यावर तळहात ठेवला.

“ही राहू द्या, उद्धवराव. पेटी कुठं उडायचीय?”