हनुवटीवरचं गोंदण

विजयमालानं न्यूझीलंडहून आलेलं पत्र मधूनच वाचायला सुरुवात केली.

"'...ती आमची पणजी. पॅरिसात शिकून आलेल्या एका गोऱ्या चित्रकारानं आमची माओरी माणसं, आमच्या जुन्या लढाया रंगवल्या. पणजीचं मोठं चित्र घराबरोबर जळालं. आता उरलंय ते तुमच्याकडचं छोटंच. परत मिळेल का?'"

"हळू वाच," नाथाजी लेकीला म्हणाले. आत साळूबाई भाकरी थापत होती. "माझा पत्ता पलटणीच्या दप्तरातनं घेतला असंल. चष्मा दुरुस्तीला सांगलीला दिलाय, न्हाईतर मीच वाचलं असतं."

चित्र समोरच्या भिंतीवर होतं. वीतभर फळीवर रंगवलेली म्हातारी. ओठ निळे, हनुवटीवर गोंदणाची नक्षी. महायुद्धात इटलीतल्या इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या माओरी शिपायानं ते "सांभाळ" म्हणून दिलं होतं. तो वाचला नाही. नाथाजी परतले तर आई गेलेली. तिचा एक फोटोही नव्हता.

पुढच्या वर्षी लग्न झालं, माधवनगरच्या गिरणीत काम लागलं. खोलीत पाऊल टाकताच नव्या नवरीनं विचारलं, "सासूबायच्या पाया कसं पडू?"

नाथाजींनी चित्राकडं बोट दाखवलं.

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं साळूबाई त्यापुढं दिवा लावत होती. एकदाच म्हणाली होती, "असं गोंदलेली बाई आमच्या विट्याकडं न्हाई बघितली."

"साताऱ्याकडं गोंदत्यात," नाथाजी म्हणाले होते.

पत्र आल्यापासून चार दिवस नाथाजींना जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी सांगलीहून चष्मा आणला आणि चित्र उतरवलं. मागचा कागद नवा चिकटवलेला दिसला. दिवाळीच्या साफसफाईत लावला असेल.

"साळू, ही माझी आय न्हवं."

"मग कोन?"

त्यांनी सगळं सांगितलं. "लय फसवलं तुला. एवढी वर्षं परक्या बाईपुढं..."

"चा घ्या, निवतोय." साळूबाईनं पदरानं म्हातारीचा चेहरा पुसला. "माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळा तिला. तकडं थंडी असंल."

"रागावली न्हाईस?"

"रागावून काय करू? चा घ्या आदी."

नाथाजींचा जीव भांड्यात पडला. पत्ता उतरवायला त्यांनी चष्मा लावला, पत्र उघडलं आणि पलटणीतल्या इंग्रजीनं पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

'आदरणीय साळूबाई, चित्रामागच्या पत्त्यावर तुम्ही लेकीकडून लिहून पाठवलेलं पत्र मिळालं. तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे तुमच्या नवऱ्याला आम्ही कधीच कळू देणार नाही.'