पहाटेची चांदणी

नवरा वारल्यावर मंजुळाबाई गाव सोडून लेकाच्या फ्लॅटवर आल्या, क्रांती चौकाच्या मागं. त्या हिवाळ्यात शुक्र संध्याकाळी दिसायचा. समोरच्या इमारतीवर तो चमकला की त्या बाल्कनीत सडा टाकायच्या आणि टीव्हीपुढं बसलेल्या सुनेला हलवायच्या, "ऊठ गं मोनिका, चांदणी उगवली. दिस निघंल आता."

खालच्या मजल्यावरून ओरडा व्हायचा. मोनिका नवऱ्याला म्हणाली, "अहो, आत्याबाईंना डॉक्टरकडं न्या. मला हे साधं वाटत नाय."

सोमनाथ शाळेत विज्ञान शिकवायचा. तो हसला. "लई घाबरतेस तू. जन्मभर चांदणी बघून उठली माय. तिचं काय चुकतंय? शुक्रच सध्या मावळतीला आहे. ग्रह आहे तो, फिरत फिरत चैत्रात पहाटे उगवायला लागेल. मग माय आपोआप ताळ्यावर येईल बघ."

डॉक्टरचं राहून गेलं.

चैत्र लागला आणि एका पहाटे शुक्र खरंच पूर्वेला लखलखला. सोमनाथनं धावत जाऊन मायला उठवलं, हाताला धरून गच्चीवर नेलं.

"बघ माय, तुझी चांदणी! आली का नाय जाग्यावर?"

मंजुळाबाई कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला.

 

"सांज झाली रं सोमा. देवापुढं दिवा लाव. अन् तुझे आबा अजून रानातून कसे आले नाय?"