अकरा मंगळवार

काउंटरवरच्या मुलीने तिसऱ्यांदा सांगितलं, की तुमचे अकरा मुक्काम आधीच वापरले गेलेत. त्यानेही तिसऱ्यांदा सांगितलं, की या हॉटेलात तो आज पहिल्यांदाच पाय ठेवतोय. स्वतःचं घर वीस मिनिटांवर असताना इथे कोण कशाला राहील?

तो लिफ्टचा इंजिनिअर. एकवीस वर्षं गावोगावच्या लिफ्ट तपासत फिरला. कंपनीचा करार एकाच हॉटेलवाल्यांशी होता. त्यामुळे महिन्यातले वीस दिवस त्यांच्याच खोल्यांत जायचे आणि कार्डावर पॉइंट साठायचे. पॉइंटांवर फुकट मुक्काम मिळायचा. निवृत्त झाल्यावर तो बायकोला म्हणाला होता, आता दोघं समुद्रावर जाऊ, चांगले आठ-दहा दिवस, एक पैसा न देता.

तिथून पुढे तीन महिने नुसता मनस्ताप. पैसे भरणाऱ्याला खोली असायची, पॉइंटवाल्याला नसायची. शनिवार-रविवार चालणार नाही म्हणाले. मग सुट्टीचे दिवस चालणार नाहीत म्हणाले. दर फोनला नवा माणूस आणि नवा नियम. फुकटचं म्हटलं की नियमांना कोंब फुटतात, असं तो बायकोला म्हणालाही. ती भाजी निवडत राहिली होती. परवा एकाने तर पॉइंटच पुरेसे नाहीत असं सांगून टाकलं. तेव्हा त्याची खात्री पटली, की कुठेतरी पाणी मुरतंय. संशय घेण्यावरच त्याचं पोट चाललं होतं. दोर शाबूत आहे असं कुणी म्हणालं, की तो आधी तोच दोर तपासायचा. म्हणून आज तो त्यांच्या इथल्या हॉटेलात स्वतः आला होता.

मुलीने कागद छापून त्याच्यापुढे ठेवला. दीड वर्षात विखुरलेल्या अकरा तारखा, शेवटची गेल्या वर्षीची. सगळे मंगळवार, सगळे याच हॉटेलातले. खोली सकाळी अकराला घेतलेली, संध्याकाळी पाचला सोडलेली. पाहुण्याच्या रकान्यात त्याच्या बायकोचं नाव होतं.

कार्डावर दुसरं नाव घातलं की जास्तीचे पॉइंट मिळायचे. ते नाव त्याने स्वतःच, हसत हसत घातलं होतं.

त्याला काही विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. शेजारचा वयस्कर दरवान म्हणाला, हो, त्या बाई आठवतात. मागच्या बाजूची खोली मागायच्या. वर गेल्या की पडदे ओढलेले, दाराला ‘त्रास देऊ नये’ची पाटी. चहासुद्धा मागवायच्या नाहीत.

“एकट्याच?”

“मी बघितलं तेव्हा तरी एकट्याच,” दरवान म्हणाला.

त्यातला ‘तरी’ घेऊनच तो बाहेर पडला.

गाडीत बसल्यावर त्याने मंगळवार आठवून पाहिले. त्याची आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, गेल्या वर्षी गेली. तिचं सगळं बायकोच करायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. रात्रीही तेच. तो बाहेरगावी निर्धास्त असायचा, चारचौघांत तिचं कौतुक करायचा. मंगळवारी त्याची बहीण आईजवळ येऊन बसायची आणि बायको शिवणाच्या क्लासला जायची. त्या दिवशी तिचा फोन बंद असायचा. बाईला काहीतरी विरंगुळा हवा, असं म्हणून त्याने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. पण त्या क्लासमधून घरात साधी उशीची खोळसुद्धा शिवून आलेली नव्हती. हे त्याच्या आज लक्षात येत होतं.

त्याने बहिणीला फोन लावला. मंगळवारी वहिनी कुठे जायची, एवढंच विचारलं.

“दादा, ते तू तिलाच विचार,” म्हणून तिने फोन ठेवला.

म्हणजे बहिणीलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, मूर्ख तेवढा तो एकटा. सिग्नलला मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले तेव्हा त्याला कळलं, की दिवा केव्हाच हिरवा झालाय. बायकोला तिथे भेटणाऱ्या माणसाचं वय काय असेल, तो करत काय असेल, इथपर्यंत त्याचं मन पोचलं होतं. हॉटेलवाल्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी चोरी केली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरी बायको पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने कागद तिच्यासमोर धरला. तिने चष्मा लावला आणि तारखा एकेक करून वाचल्या. ती दचकली नाही, रडली नाही.

“अकराच?” ती म्हणाली. “मला वाटलं, जास्त असतील.”

तिचा शांतपणा त्याला सहन होईना. समुद्राचं बोलणं चाललं होतं तेव्हा तोंड का उघडलं नाहीस, असं तो म्हणाला. तुम्हाला वाईट वाटलं असतं, असं ती म्हणाली. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. वाटेत जुळवलेले सगळे प्रश्न विसरायला झाले. एकच उरला.

“तिथे कोण असायचं?”

तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली, बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“कुणी नसायचं,” ती म्हणाली. “म्हणून तर झोप लागायची.”