मुद्देमाल

घरी मीठ पाडायला इंग्रज सरकारची मनाई होती, म्हणून पार्बताबाईनं मुद्दामच भरदुपारी मळ्यातल्या विहिरीचं खारं पाणी चुलीवर आटवायला ठेवलं. पहिली मूठ पदरात बांधते न बांधते तोच जमादार येऊन धडकला. त्यानं मडकं फोडायला काठी उगारली, ती छपराखालच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागून खाली आली. मडकं फुटलं, उरलेलं मीठ राखेत गेलं, अन् माश्यांनी जमादाराचा गाल पुरीसारखा फुगवला.

"आई वं! मेलो!"

पार्बताबाईनं त्याला हाताला धरून दूर बाभळीखाली बसवलं. कांदा ठेचला, पदराची गाठ सोडून सगळं मीठ त्यात कालवलं आणि गालावर थापलं. आग निवली तसा जमादाराला कायदा आठवला.

"चाल आता ठाण्यात. पन तू बनवलेलं मीठ कोठी हाय? मुद्देमाल नसला तं सायेब मलेच झापते."

पार्बताबाईनं रिकामा पदर झटकून डोक्यावर घेतला आणि त्याच्या पुढं चालू लागली.

"तुमच्या गालावर हाय, जमादार. सायबानं पाह्यल्याबिगर पुसू नका!"