पापडखारासारखी भुकटी

“म्हणजे तुमच्या कारखान्यातली ती भुकटी पापडखारावानीच दिसते म्हणा की,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

“हाव काकू, दिसायला तसंच. पांढरं, बारीक,” अनुपमा म्हणाली. “फक्त पापडात घालायचं नाही.”

बैठकीतले सगळे हसले. अन्नपूर्णाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी तांब्या पुढे ओढला आणि तिसऱ्यांदा पेला भरला. हात किंचित थरथरला, चार थेंब सतरंजीवर सांडले.

ही मंडळी संग्रामपूरहून पिंपळगाव राजाला अनुपमाला पाहायला आली होती. हिंमतराव, त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई आणि मुलगा कुलदीप. घरची संत्र्याची बाग, मुलगा बुलढाण्याला कॉलेजात शिकवायला. नाव ठेवायला जागा नाही असं स्थळ. अनुपमाच्या वडिलांनी, वामनरावांनी, त्यासाठी आपली पिठाची गिरणी सकाळपासून बंद ठेवली होती. अनुपमालाही कुलदीप आवडला होता. फोनवर दोनदा बोलणं झालं होतं आणि दोन्ही वेळा त्याने तिच्या कामाचं खोदून खोदून विचारलं होतं.

ती खामगावला एका कारखान्यात होती. तिथे टाइल्सवर चढवायची चकाकी बनायची आणि त्यासाठी बाहेरदेशातून येणाऱ्या मालाची सगळी कागदपत्रं अनुपमा बघायची. त्यातलं महत्त्वाचं म्हणजे लिथियम कार्बोनेट. त्याच्याबद्दल कोणी विचारलं की तिची कळी खुलायची.

“येते कुठून एवढं?” हिंमतरावांनी विचारलं.

“पार दक्षिण अमेरिकेतून, काका. तिथं वाळवंटाच्या पोटात खारं पाणी आहे. ते उपसून शेताएवढ्या हौदांत सोडतात अन् वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवतात. मग नको ते क्षार काढून त्यात सोडा टाकला की ही भुकटी तळाशी बसते.”

“मिठागरावानीच झालं.”

“बरंचसं. मग जहाजानं आपल्याकडे. बंदरावर प्रत्येक मालाचा आकडा ठरलेला असतो. याचा अठ्ठावीस छत्तीस, एक्याण्णव, शून्य शून्य. आकडा चुकला की माल अडकला म्हणून समजा.”

“अन् एवढ्या लांबून आणून फायदा काय?”

“चकाकी कमी आचेवर वितळते, भट्टीचं जळण वाचते. भट्टीत न तडकणारी काच करायला लागते. अ‍ॅल्युमिनियम काढतात तिथं लागते. अन् तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीतही तेच.”

हिंमतरावांनी कौतुकाने खिसा चाचपला. वामनरावांची छाती दोन बोटं फुगली.

“अन् पोटात गेलं तर?” अन्नपूर्णाबाईंनी मधेच विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बेबीताईंनी, अनुपमाच्या आईने, डोळ्यांनी खूण केली. बाई, आता आवर. अनुपमालाही रोख कळला. या आपल्याला नोकरी सोडायला सांगणार. पण खोटं बोलून संसार मांडायचा नाही, हे तिने कधीच ठरवलं होतं.

“कारखान्यातलं पोटात जाणं वाईटच, काकू. म्हणून आम्ही तोंडाला फडकं बांधतो, हातमोजे घालतो. पण हेच औषधासाठी वेगळं शुद्ध करतात, त्याच्या गोळ्या होतात. मग त्याचा आकडाही बदलतो, ते औषधांच्या यादीत जाते.”

“कोणाले देतात?”

“ज्यांचं मन कधी फार उधाणते अन् कधी पार खचून जाते, त्यांना.”

कुलदीप पोह्यांच्या बशीकडे बघत राहिला. हिंमतरावांनी खाकरून घसा साफ केला.

“असं माणूस घरात असलं तं लोक सोयरीक करत नाहीत,” ते म्हणाले. “तुमच्या इकडं कसं आहे?”

अनुपमाची कानशिलं तापली. म्हणजे आता आमच्या घराची झडती चालू झाली तर!

“आमच्याकडे कोणी नाही, काका. पण असतं तर लपवलं नसतं. शुगरची गोळी चारचौघांत सांगतोच ना आपण? वेळेवर गोळी घेणारा माणूस शेती करतो, नोकरी करतो, लेकरं वाढवतो. त्यात लाजायचं काऊन?”

अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटले आणि कपाळाला हात लावला.

“डोकं दुखून राह्यलं का, ताई? गोळी देऊ एखादी?” बेबीताई घाईने पुढे आल्या.

“नको. डॉक्टरले विचारल्याबिगर मले तसल्या गोळ्या चालत नाहीत.” त्या तुटकपणे बोलल्या आणि उठल्या. “चला, निघू.”

कोणी ‘कळवतो’ असंही म्हटलं नाही. अंगणात चपला वाजल्या, वामनराव गाडीपर्यंत पोहोचवायला गेले. जाता जाता लेकीजवळ हळूच पुटपुटले, “थोडं कमी बोलली असती तं काय बिघडलं असतं?”

बश्या गोळा करून अनुपमा स्वयंपाकघरात आली. स्थळ गेल्याचं वाईट वाटत होतं, कुलदीपचं जरा जास्तच. पण बोललेल्यातला एकही शब्द परत घ्यावासा वाटेना. उलट हलकंच वाटत होतं. उद्या खामगावची सकाळची एसटी, टेबलावर नव्या मालाची कागदं. ती बश्या विसळू लागली.

मागे पावलं वाजली. आई असेल म्हणून तिने वळून पाहिलं. दारात अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या, एकट्याच. डोळे भरलेले.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “तू म्हणाली ती मनाची गोळी मले सोळा वर्षांपासून चालू हाये. हे आयकून आतापर्यंत तीन घरच्यांनी आमच्या कुलदीपले नाही म्हटलं.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “आता तू सांग. आम्ही पसंत आहो का तुले?”